ब्रांकोच्या पुलावर बंद पडलेली गाडी

१

"रुझित्साबाई, मी ज्या कोंडीत पाऊण तास बसलोय, तीच कोंडी मला सांगितल्याबद्दल आभारी आहे हं!"

असा निरोप रोज एक तरी येतोच. त्यात शिवी नसली तर तो दिवस मी चांगला समजते. एकोणीस वर्षं मी बेलग्रेडच्या रेडिओवर सकाळची वाहतूक सांगतेय, सहा ते साडेनऊ, दर वीस मिनिटांनी. या कामातली गोम मला पहिल्याच आठवड्यात कळली होती. मी तोंड उघडेपर्यंत कोंडी पुढे सरकलेली असते. अमका रस्ता मोकळा म्हणावं, तर अर्धं शहर तिकडे वळतं आणि दहा मिनिटांत तोही तुंबतो. मग माझ्या आईचा उद्धार होतो. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, घरी बसून रोज रेडिओ ऐकते आणि दुपारी मला विचारते, "आज कोणी काढलं का गं माझं नाव?"

स्टुडिओत माझ्यासमोर सहा पडदे असतात, त्यांवर चौकाचौकातले कॅमेरे दिसतात. फोनवर लोकांचे आवाजी निरोप येत राहतात. आणि कोपऱ्यातल्या कपाटावर एक जुना टेलिफोन आहे, निरोप कॅसेटवर टिपून घेणारा. त्याचा नंबर एके काळी आमच्या स्टिकरवर छापलेला असे आणि लोक तो स्टिकर गाडीच्या मागच्या काचेला लावत. आता त्यावर काळं कुत्रंही फोन करत नाही. आमचा सकाळचा निवेदक गोइको त्याच्यावर कॉफीचा कप ठेवतो.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्यानं कप उचलला आणि म्हणाला, "रुझा, तुझ्या या म्हाताऱ्या टेलिफोनवर कोणाचा तरी निरोप आलाय बघ."

टेलिफोनवर लाल दिवा लुकलुकत होता. मी बटण दाबलं.

"नमस्कार. ब्रांकोच्या पुलावर, शहराकडे येताना, उजवी लेन थांबलीय. एक गाडी बंद पडलीय. पण आता सुटेल असं वाटतंय."

पुरुषाचा आवाज. दमलेला, पण सभ्य. मागे गाडीच्या इंडिकेटरची टकटक. एवढंच.

सात-चाळीसला मी ते वाचून टाकलं आणि मग पडद्याकडे पाहिलं. पूल मोकळा होता, गाड्या भरधाव जात होत्या. पाच मिनिटांत वीस निरोप आले, सगळे माझ्या डोळ्यांविषयी.

"बाई, चष्मा बदल," गोइको म्हणाला.

मी कॅसेट पुन्हा लावली. काहीतरी खटकत होतं ते तेव्हा कळलं. मागे एकही हॉर्न नव्हता. आमच्याकडे लग्न असलं की हॉर्न, मॅच जिंकली की हॉर्न, पुढचा शिंकला तरी हॉर्न. कोंडीत अडकलेला माणूस, तेही ब्रांकोच्या पुलावर, आणि आजूबाजूला ही शांतता?

२

बुधवारी दिवा पुन्हा लुकलुकत होता.

"तेराझिये चौक ओलांडला. आता मार्शल तितो रस्त्यावर उभा आहे. काही हलत नाही."

मार्शल तितो रस्त्याला आता राजा मिलान रस्ता म्हणतात. आमच्या शहरात राज्य बदललं की पाट्या बदलतात. सासू एक नाव सांगते, सून दुसरं, आणि टॅक्सीवाला तिसरंच. म्हातारी माणसं तर अजून जुनीच नावं घेतात, त्यात नवल नाही. मी सवयीनं नवं नाव वाचलं: राजा मिलान रस्त्यावर कोंडी असल्याचं एक श्रोते कळवतात.

गुरुवारी तोच आवाज म्हणाला, "ताई, तुम्ही काल राजा मिलान म्हणालात. असा रस्ता मला माहीत नाही. विचारायला इथे कोणी नाही. मी आहे तिथेच उभा आहे."

कालपासून? चोवीस तास?

"कोणीतरी तुझी फिरकी घेतंय," गोइको म्हणाला. "नाहीतर कोणाचा तरी आजोबा असेल, अंगणात उभ्या गाडीत बसून फोन लावत असेल. माझे आजोबा शेवटी शेवटी रिमोट कानाला लावून बोलायचे."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण सात-चाळीसला मी मुद्दाम जुनं नाव घेतलं. "मार्शल तितो रस्ता, थेट स्लावियापर्यंत मोकळा."

शुक्रवारी सकाळी: "उपकार झाले, ताई. स्लावियाला पोचलो." मग जरा थांबून, संकोचत, "एक सांगाल का? घरी बायको तुमचा रेडिओ ऐकत असेल. देसा नाव तिचं. म्हणावं, आलोच. बुरेक घेतलाय, अजून गरम आहे."

मी टेलिफोनची वायर धरून कपाटामागे हात घातला. ती कुठे जाते ते पाहायचं होतं. अर्ध्यावरच हात मागे घेतला. पाहिलं नाही.

माझ्या आईचं नाव देसांका. तिला देसा म्हणतात.

३

माझे वडील ब्लागोये झेमुनच्या कारखान्यात रात्रपाळीला असत. सकाळी सुटले की पुलावरून शहरात यायचं, शहर ओलांडून वोझ्दोवात्सला घरी. येताना न्याहारीला बुरेक आणायचे, चीज भरलेली पापुद्र्यांची गरम पोळी. त्यांची क्रीम रंगाची झास्तावा होती आणि ती ते इतकी हळू चालवायचे, की आई म्हणायची, चालत आलास तर लवकर येशील.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, सकाळी पुलावर, उजव्या लेनमध्ये त्यांचं हृदय थांबलं. गाडी उभी राहिली. मागचे लोक वीस मिनिटं हॉर्न वाजवत होते. शेवटी एक ट्रकवाला तावातावानं उतरला, खिडकीवर मूठ आपटायला, आणि त्यानं आत पाहिलं.

मी आठ वर्षांची होते. त्या दिवशी रेडिओनं सांगितलं होतं की ब्रांकोच्या पुलावर बंद पडलेल्या वाहनामुळे कोंडी झाली आहे. एकोणीस वर्षांत हेच वाक्य मी हजारदा तरी म्हटलं असेन. दर वेळी मी पाण्याचा घोट घेऊन पुढचा चौक सांगते.

देसा नावाच्या बायका बेलग्रेडमध्ये शेकड्यांनी असतील. बुरेक तर सगळेच नेतात. मी त्या शुक्रवारी जिन्यात बसून स्वतःला हेच सांगत होते, आणि मला रडू आवरत नव्हतं.

४

दुपारी आईकडे गेले. ती कुंभार गल्लीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. मी तिला देसासाठीचा निरोप सांगितला नव्हता, रेडिओवरही वाचला नव्हता. फक्त स्लावियापर्यंत वाहतूक सुरळीत, एवढंच म्हणाले होते.

आई खिडकीशी बसली होती. केस रंगवलेले, ओठांना लाली. मला पाहून म्हणाली, "स्लावियाला पोचला ना?"

"कोण?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. मंगळवारी पूल, मग दोन दिवस मार्शल तितो. एवढा हळू दुसरं कोण चालवतं?"

"आई, कोणीतरी चावटपणा करतंय."

"असेल," ती म्हणाली आणि केसांवरून हात फिरवला. "मागून बरे दिसतात का गं? ती पार्लरमधली पोरगी घाईत होती."

निघाले तेव्हा शेजारच्या ल्यूबिंकामावशीनं जिन्यात माझा दंड धरला. ती आईची पन्नास वर्षांची मैत्रीण, देवळात दोघी बरोबर जातात. आमच्या देवळात मेणबत्त्यांची दोन तबकं असतात, वरचं जिवंत माणसांसाठी, खालचं गेलेल्यांसाठी. "काल तुझ्या आईनं ब्लागोयेची मेणबत्ती वरच्या तबकात लावली," मावशी कुजबुजली. "मी म्हटलं, अगं देसा, चुकलीस, तो खाली. छत्तीस वर्षं खाली लावतेस. तर म्हणते कशी, चुकले नाही, तो वाटेत आहे."

आईचं हृदय म्हणजे आता नावालाच उरलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दगदग नको, धक्का नको, आहे ते दिवस आनंदात काढा. मला तिच्याशिवाय कोणी नाही. नवरा होता, तो सोडून गेला. मूल झालं नाही.

स्लावियापासून आमचं घर दहा मिनिटांवर. तो तिला न्यायला येतोय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माणूस घरी येतो तो काय जिन्यातून परत जायला?

५

शनिवार-रविवार आमचा कार्यक्रम नसतो. स्लावियाचा चौक गोल आहे. दोन दिवस तो तिथे गोल गोल फिरत असेल का, हा विचार डोक्यातून जाईना.

सोमवारी तो म्हणाला, "ताई, अजून स्लावियालाच आहे. आता लोकसेना बुलेवार घेऊ ना?"

लोकसेना बुलेवार म्हणजे आताचा मुक्ती बुलेवार, आमच्या घराचा रस्ता. सात-चाळीसला मी माइक चालू केला आणि आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर धडधडीत खोटं बोलले.

"लोकसेना बुलेवार पाण्याचा पाइप फुटल्यानं बंद. चालकांनी स्लावियावरून नेमान्यिना रस्त्यानं खाली उतरावं आणि तोपचिदेरकडून जावं."

गोइकोनं कान टवकारले. त्याच्या पडद्यावर बुलेवार कोरडा ठणठणीत होता. त्यानं पुढचं गाणं लावलं.

खऱ्या माणसांनीही ते ऐकलं. नेमान्यिना रस्ता असा तुंबला की विचारू नका. एका बाईचा निरोप आला, तिच्या मुलीची परीक्षा चुकली. ती शिव्या देत नव्हती, नुसती रडत होती. तो निरोप मी अजून पुसलेला नाही.

मंगळवारी: "तोपचिदेरला आहे. धुकं आहे. झाडंच झाडं आहेत, ताई."

मी त्याला राकोवित्साकडे पाठवलं. बुधवारी तो राकोवित्साला होता. मी तिथला रूळ ओलांडायचा रस्ता बंद करून टाकला आणि त्याला अवाला डोंगराच्या रस्त्याला लावलं, शहराबाहेर. घरापासून लांब, आणखी लांब.

गोइकोनं त्या टेलिफोनवर कप ठेवणं बंद केलं होतं. "साहेब विचारत होते, हे पाइप कुठे फुटतायत," तो म्हणाला. "मी म्हटलं, शहर जुनं आहे."

६

गुरुवारचा निरोप लांबलचक होता. इंडिकेटरची टकटक मंद झाली होती.

"ताई, रागावू नका, पण एवढी कामं कशी निघाली हो रस्त्याची? इथे दिवे नाहीत. बुरेक गार झाला. बायकोला सांगा, जेवून घे, माझी वाट बघू नको." मग नुसता श्वास. "तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार. माझा विश्वास आहे तुमच्यावर. तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं बघा. आमची छोटी मोठी झाली की अशीच बोलेल."

बाबा, मी म्हटलं. त्या काळ्या खोक्याला म्हटलं. ते फक्त ऐकवतं, पुढे पाठवत नाही.

त्या दिवशी वाहतूक गोइकोनं वाचली.

७

आई पलंगावर होती. तीन दिवसांत अर्धी झाली होती. लाली पुसून टाकलेली, ताट झाकलेलं तसंच.

"बुलेवारवर पाइप फुटला म्हणे," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी खिडकीतून बघतेय, पाणी कुठे आहे? त्याला कुठे फिरवतेस, रुझे?"

"आई—"

"कुठे आहे तो?"

"अवालाच्या रस्त्यावर."

"अगं बाई! रानात?" ती उठून बसली. "त्याला रात्रीचं नीट दिसत नाही!"

"तो आला तर तू जाशील," मी ओरडले. "तुला कळतंय का? मग मी काय करू? या घराच्या भिंतींशी बोलू?"

तिनं पलंगावर हात आपटला आणि म्हणाली, बैस. मी बसले.

"त्या दिवशी मी इथेच होते, स्वयंपाकघरात. तू दूध पीत होतीस. रेडिओवर म्हणाले, पुलावर गाडी बंद पडलीय. मी काय बोलले, आठवतं?"

मला आठवत होतं. आम्ही दोघी त्याविषयी कधी बोललो नव्हतो.

"म्हटलं, कोण गाढव आहे हा, माझ्या माणसाला अडकवून बसलाय. म्हटलं, मर एकदाचा आणि रस्ता सोड." तिचा आवाज फुटला. "तो मेलेलाच होता गं. मी मेलेल्या नवऱ्याला मर म्हटलं. छत्तीस वर्षं एकच गोष्ट सांगायचीय त्याला. ते तुला नव्हतं रे."

मी तेव्हा हसले होते. आई कोणाला तरी शिव्या देतेय म्हणून दुधाच्या पेल्यात फुरफुरून हसले होते. मी ते तिला सांगितलं. तिनं माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि थोपटत राहिली.

"लहान होतीस," ती म्हणाली. मग, नाक ओढून, "आता मात्र चव्वेचाळीस वर्षांची घोडी झालीस. मला आणखी वर्षभर या खिडकीत बसवशील, आणि त्याला रानात ठेवशील? सगळ्या शहराला रस्ता सांगतेस, बापाला चुकवतेस होय गं?"

मी ती रात्र तिच्याजवळच झोपले. सकाळी मी कामावर जात नाही म्हटलं, तर ती भडकली. "तू घरी बसलीस तर त्याला कोण सांगणार? तो गोइको? त्याला स्वतःचं घर सापडत नाही."

तिनं निळा ड्रेस घातला होता. पाठीवरची चेन मी लावून दिली. दारात तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "जा. उशीर होईल. पुलावर गर्दी असेल."

८

शुक्रवारी दिवा लुकलुकत नव्हता. निरोप नव्हता. तो थकून थांबला असेल तर? पण सात-चाळीस झाले होते.

"अवालाकडून शहरात येणाऱ्यांसाठी," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "रस्ता पूर्ण मोकळा. सगळी कामं संपली. राकोवित्सा मोकळं. तोपचिदेर मोकळं, धुकं गेलं. तिथून वर स्लाविया, तिथून लोकसेना बुलेवार, उघडा आहे. औटोकोमांडा चौकाच्या अलीकडे उजवीकडे पार्टिझान गल्ली. घाई करू नका. उशीर झालेला नाही. वाट बघतायत."

पार्टिझान गल्ली म्हणजे आताची कुंभार गल्ली; ते जुनं नाव आम्ही माझ्या शाळेच्या दिवसांतच सोडलं होतं. गोइकोनं गाणं लावलं, उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉफी आणायला गेला. रडका आहे तोही.

आठची वाहतूक सांगून झाली आणि दिवा लागला.

"पोचलो, ताई. दारातच गाडी लावायला जागा मिळाली. कधी मिळत नाही हो!" इंडिकेटरची टकटक थांबली. गाडीचं दार. जिन्यात पावलं, सावकाश, प्रत्येक मजल्यावर थांबत. मी मोजली. मग कडी निघाल्याचा आवाज, आणि एक बाई बोलू लागली, भराभरा, श्वास न घेता, छत्तीस वर्षांचं सगळं एकदम. शब्द कळत नव्हते. आवाज माझ्या आईचा होता, फक्त तरुण होता. तो मध्येच हसला. कॅसेट संपली.

आठ-वीसला मला पुन्हा बोलायचं होतं. मी पडद्यांकडे पाहिलं, कारण ते माझं काम आहे. औटोकोमांडाच्या कॅमेऱ्यात, शहराबाहेर जाणाऱ्या बाजूला, लाल सिग्नलला रांग होती. रांगेच्या तोंडाशी एक क्रीम रंगाची जुनी गाडी. काचेवर आकाश पडलं होतं, आतलं दिसत नव्हतं. चालवणाऱ्याच्या शेजारच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आला होता, निळ्या बाहीचा.

माझा फोन थरथरायला लागला. ल्यूबिंकामावशी. बंद झाला, पुन्हा थरथरला.

"रुझा, घरून आहे," गोइको हळूच म्हणाला. "घे ना."

"थांब जरा."

मी माइक चालू केला. "औटोकोमांडाला उजव्या लेनमध्ये पुढे एक गाडी हळू चालेल. मागच्यांनी जरा दमानं घ्या. तिला जाऊ द्या."

सिग्नल हिरवा झाला. गाडी क्षणभर तशीच उभी राहिली, मग निघाली, अगदी सावकाश. मागचे सगळे तिच्या मागून तितक्याच सावकाश निघाले, एकही जण पुढे घुसला नाही. पडद्याच्या कडेशी ती दिसेनाशी झाली.

मग मी फोन उचलला.

"बोल, मावशी," मी म्हटलं. "माहीत आहे मला."